दुखऱ्या हाताने पियानो पुन्हा शिकताना

बीथोव्हेनच्या ‘पॅथेटिक’ सोनाटाच्या पहिल्या भागात डाव्या हाताला एका सप्तकाच्या अंतरावरचे दोन सूर आलटून पालटून, वेगाने वाजवावे लागतात. पानंच्या पानं. माझा डावा हात तिथेच बसला. आधी कोपराखाली जडपणा आला, मग मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला कळ, आणि पुढे पोळी लाटतानाही दुखू लागलं. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून ताण असल्याचं सांगितलं आणि विश्रांती घ्यायला लावली. विश्रांतीने दुखणं थांबलं. वाजवायला बसले की पुन्हा सुरू. कारण वाजवण्यातच होतं.

शोधता शोधता डोरोथी टॉबमन यांच्या पद्धतीपाशी पोचले. टॉबमन (१९१७–२०१३) न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या. त्यांचं नाव झालं ते शिक्षिका म्हणून, आणि त्यातही दुखावलेल्या हातांच्या शिक्षिका म्हणून. काही जणांना अवघड रचनाही सहज कशा वाजवता येतात, त्यांचे हात नेमके कसे हलतात, हेच त्या पाहत राहिल्या. प्रतिभा म्हणून सोडून दिलं जातं त्यातलं बरंचसं शिकवता येतं, यावर त्या ठाम होत्या. १९७६ मध्ये त्यांनी संस्था काढली. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट कॉलेजात तिची उन्हाळी शिबिरं भरत. त्यांच्या सहकारी एडना गोलँडस्की यांनी नंतर स्वतःची संस्था काढून हे काम पुढे नेलं. मला लाभलेल्या बाई याच परंपरेतल्या. त्या अमेरिकेत, मी पुण्यात. माझी संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. कॅमेरा चेहऱ्यावर नाही, बाजूने हातांवर रोखलेला.

पहिला तास स्टुलाच्या उंचीतच गेला. कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवं, त्याखाली गेलं तर हाताचा भार मनगट उचलत बसतं. मग एकच पट्टी. ती जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते आणि तळ गाठण्याआधीच तारेवर आदळणारी आतली हातोडी तिच्यापासून सुटते. त्यानंतर कितीही दाबलं तरी आवाजात काडीचा फरक पडत नाही, ताण मात्र हातातच राहतो. हे कळलं आणि माझा खांदा आपोआप खाली आला.

बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात असतात. म्हणून बाई चार गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत: बोटं आखडणं, पंजा फाकवून ताणणं, एकच बोट सुटं उंच उचलणं आणि मनगट बाजूला मुरडणं. त्याऐवजी कुलपात किल्ली फिरवावी तसा हात कोपरापासून फिरवायचा. सूर एकाच दिशेने चढत असतील तर प्रत्येक सुराआधी किंचित उलट फिरून मग त्या सुरावर यायचं. सुरुवातीला हे फिरणं मोठं, उघड दिसेल असं. अंगवळणी पडलं की ते लहान होत जातं आणि शेवटी पाहणाऱ्याला कळतही नाही. अंगठा आखूड आहे, म्हणून तो काळ्या पट्टीवर न्यायचा असेल तर अख्खा हात आत सरकवायचा, बोटं दुमडायची नाहीत.

कित्येक महिने रचना अशी वाजवलीच नाही. पाच सूर, तेही संथ. ज्याला ठरावीक तारखेची परीक्षा द्यायची आहे, त्याने त्या धावपळीत हे करू नये, असं मला ठामपणे वाटतं. घाईत जुनीच सवय परत येते.

‘पॅथेटिक’कडे परतले तेव्हा डाव्या हाताचे ते सूर अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये नुसते डोलू लागले. पंजा ताणून धरावा लागला नाही. वेग बाईंनी वाढवायला सांगितला नाही, तो हळूहळू आपणच वाढला.

एक मात्र सांगायला हवं. हाताचं प्रत्येक दुखणं तंत्राने बरं होत नाही. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६० च्या दशकात निकामी झाला तो डिस्टोनियामुळे, म्हणजे स्नायू आपोआप आखडण्याच्या विकारामुळे, आणि तो आजारच वेगळा. बोटं बधिर होत असतील, आपोआप वळत असतील, तर आधी डॉक्टर, मग शिक्षक.

आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांचा पहिला तास मीही स्टुलापासूनच सुरू करते. लहानग्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून पायाखाली पाट ठेवते. कुणी “हात दुखतोय” म्हणालं की वाजवणं तिथेच थांबवतो आणि कुठे, कोणत्या सुराला दुखलं, ते दोघं मिळून शोधतो.