वासाकडे पाण्यावरून जायचे

ऑगस्टमधल्या स्टॉकहोमच्या मुक्कामात वासा संग्रहालयासाठी मी पूर्ण एक दिवस राखून ठेवला आहे. वासा हे सतराव्या शतकात पहिल्याच प्रवासात बुडालेले आणि पुढे वर काढलेले स्वीडिश युद्धजहाज. एका जहाजाला अख्खा दिवस कशाला, असे घरात विचारले गेले, आणि बहुतेक प्रवासी तिथे दोन तासांतच बाहेर पडतात हेही खरे आहे. पण या जहाजाची गोष्ट जितकी लाकडाची आहे तितकीच पाण्याची आहे, असे गेले काही आठवडे त्याबद्दल वाचताना मला सतत जाणवत राहिले, आणि म्हणून दिवसाची आखणीही मी पाण्यापासूनच सुरू केली आहे.

संग्रहालय यूरगोर्डेन बेटावर आहे आणि तिथे ट्राम किंवा बसने सहज जाता येते, तरी आम्ही स्लुसेनच्या धक्क्यावरून फेरीबोटीने जाणार आहोत. शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचेच तिकीट त्या बोटीवर चालते आणि प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा आहे. ती दहा मिनिटे मला हवी आहेत, कारण 10 ऑगस्ट 1628 रोजी, म्हणजे शिवजन्माच्या सुमारे दीड वर्ष आधी, वासा याच पाण्यातून पहिल्यांदा निघाली. राजवाड्याखालच्या धक्क्यापासून तिला नांगराच्या दोरांनी ओढत आणले गेले आणि आज जिथे स्लुसेन आहे त्या बाजूला आल्यावर दहापैकी चार शिडे उभारली गेली. सलामीच्या तोफांसाठी झरोके उघडेच होते. वाऱ्याच्या एका झोताने जहाज डावीकडे कलले, खालच्या ओळीच्या झरोक्यांतून पाणी आत शिरले, आणि निघाल्यापासून सुमारे 1300 मीटरच्या आतच बेकहोल्मेन या छोट्या बेटाजवळ ते 32 मीटर खोल तळाशी गेले. सुमारे तीस माणसे बुडाली. आमची बोट यूरगोर्डेनच्या धक्क्याला लागायला येईल तेव्हा बेकहोल्मेन समोर दिसेल. संग्रहालयातला नकाशा पाहण्याआधी हे अंतर डोळ्यांनी मोजून घ्यावे, अशी माझी इच्छा आहे.

त्यानंतर 333 वर्षे जहाज तळाशी राहिले आणि 24 एप्रिल 1961 रोजी वर आले. एवढा काळ ते टिकले याचे कारणही पाणीच आहे. बाल्टिक समुद्राचे पाणी मचूळ आहे, आणि खाऱ्या समुद्रात बुडालेले लाकूड पोखरून टाकणारा किडा त्यात जगत नाही. शहराच्या सांडपाण्यामुळे बंदराच्या तळाशी प्राणवायूही फारसा उरला नव्हता. म्हणूनच आज आपण पाहतो त्या जहाजातला 98 टक्के भाग मूळचा आहे. पण त्याच घाणेरड्या पाण्यातले गंधक लाकडात मुरले, आणि गंजलेल्या लोखंडी खिळ्यांच्या संगतीने त्याचे आम्ल होऊ लागले. वर काढल्यावर सतरा वर्षे लाकडावर मेणासारख्या रसायनाचे फवारे मारले गेले, आणि पुढे हजारो खिळे बदलून पोलादाचे नवे बसवण्यात आले.

यातला एक तपशील मला सर्वांत जास्त भिडला. 2000 साली उन्हाळाभर पाऊस होता, ओल्या कपड्यांतले लोक रांगा लावून आत आले, त्यांच्याबरोबर आलेल्या दमटपणाने आतली हवा बिघडली, आणि लाकडावर आम्लाचे पांढरे-पिवळे डाग उमटले. त्यानंतर हवेचे तापमान आणि आर्द्रता सांभाळणारी नवी यंत्रणा बसवावी लागली. म्हणून आमच्या यादीत छत्री आणि रेनकोट यांच्यापुढे मी ‘आत शिरताच सामानाच्या खोलीत ठेवणे’ असे लिहिले आहे. तिकीट काढून आलेल्या माणसाच्या अंगावरचे पाणीसुद्धा त्या लाकडाच्या हिशेबात धरले जाते, हे समजल्यावर एवढे करणे मला आवश्यक वाटते. आत हवा थंडसर ठेवलेली असते, त्यामुळे बाबांसाठी एक कोरडा स्वेटर हवा. प्रकाशही मंद असतो, आणि अंधाराला डोळे सरावण्यासाठी पहिली काही मिनिटे नुसते उभे राहायचे असे ठरवले आहे.

जहाजावर चढू देत नाहीत. त्याच्याभोवती वेगवेगळ्या उंचीवर मजले आहेत आणि लिफ्टही आहे, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांची काळजी नाही. सुरुवातीला माहितीपट पाहू, मग थेट तळमजल्यावर उतरू. तळाशी नीरम म्हणून, म्हणजे जहाज स्थिर राहावे यासाठीचे वजन म्हणून, सुमारे 120 टन दगड भरले होते, तरी तोफांच्या दोन ओळींचे वजन वर असल्याने ते पुरले नाहीत. जहाजाचे पोट आणि वरचा डोलारा यांचे प्रमाण खालून पाहिले की ही गोष्ट आकड्यांशिवाय उमजेल असे मला वाटते. जहाज निघण्याआधी धक्क्यावरच तीस माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवून त्याच्या स्थिरतेची चाचणी घेतली होती, आणि ते इतके डोलू लागले की ती चाचणी मध्येच थांबवली गेली. राजा गुस्ताव आदोल्फ परदेशी युद्धावर होता आणि जहाजाची वाट पाहत होता. जहाज थांबवण्याचा निर्णय कोणीही घेतला नाही. पुढे चौकशी झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही.

बाबा नोकरीभर बांधकामाच्या जागांवर मोजमापे घेत आले, म्हणून त्यांना मला मुद्दाम सुतारांच्या पट्ट्या दाखवायच्या आहेत. जहाजात अशा चार पट्ट्या सापडल्या. दोन पट्ट्यांवर स्वीडिश फूट होता, बारा इंचांचा, आणि दोनवर ॲमस्टरडॅमचा फूट, अकरा इंचांचा. जहाजाच्या दोन बाजू एकसारख्या नाहीत, हे संशोधकांनी केलेल्या मोजणीत दिसून आले आहे. हे मी फोनवर सांगितले तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “अगं, एकाच कामावर दोन माप? मग त्या मिस्त्रीचं काय चुकलं?” त्या पट्ट्यांसमोर त्यांना हवा तेवढा वेळ उभे राहू द्यायचे, एवढे मी दिवसाच्या वेळापत्रकात धरले आहे.

बाकी तयारी थोडी आहे. रोख पैसे तिथे चालत नाहीत, कार्ड लागते. अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे, त्यामुळे भाचीचे तिकीट काढायचे नाही. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या आदल्या रात्री पुन्हा पाहीन, कारण दार उघडताच आत शिरलो तर गर्दी होण्याआधी तासभर तरी शांतपणे मिळेल. इमारतीच्या छतावर डोलकाठ्यांसारखे उंच खांब उभारले आहेत, ते वासाच्या मूळ डोलकाठ्या किती उंच होत्या हे दाखवतात. संध्याकाळी परतताना फेरीबोटीच्या मागच्या बाजूला बसून ते खांब आणि बेकहोल्मेन दोन्ही एकदम दिसतात का, ते पाहायचे आहे.