मानियागो: पातं मधोमध नसलेल्या चाकूंच्या गावी

व्हेनिसमध्ये चाकू घेऊ नका. पुढचं काही वाचलं नाहीत तरी एवढं लक्षात ठेवा.

सप्टेंबरात आम्ही दोघं उत्तर इटलीला गेलो ते माझ्या हट्टापायी. मला इटालियन खटक्याचे चाकू जमवायचा नाद आहे. सुईसारखं निमुळतं पातं, शिंगाची मूठ, बटण दाबलं की खट्टकन बाहेर. डॅलसला घरी सात आहेत. त्यातला सर्वांत महाग अकरा इंची, काळ्या शिंगाच्या मुठीचा, ३४० डॉलरला घेतलेला. तो आला त्या दिवशी मिटून पाहिला, तर पात्याचं टोक मधोमध नाही, मुठीच्या आतल्या डाव्या पत्र्याकडे झुकलेलं. मी भोसरीच्या टूलरूममध्ये नऊ वर्षं काढली आहेत, असलं काही दिसलं की मला झोप येत नाही. फट मोजायचा फिलर गेज घालून पाहिला. डावीकडे ०.३ मिलिमीटर, उजवीकडे ०.९. विकणाऱ्याला तक्रारीची मेल लिहून ठेवली, पण पाठवली नाही. म्हटलं, हे जिथे बनतात त्या मानियागो गावी जाऊन एकदा विचारू या, की पैसे मोजूनही सरळ पातं का मिळत नाही.

वाटेत व्हेनिसला दोन रात्री होतो. तिथे एका गल्लीतल्या दुकानात ८५ युरो घालवले. खटक्याचा नव्हे, हाताने उघडायचाच, पण घाट तोच. 'मानियागोचा, हातकामाचा, मूठ अस्सल शिंगाची', असं दुकानदाराने तीनदा सांगितलं. पातं अगदी बरोब्बर मध्यावर, मूठ आणि बोल्स्टर यांच्यात केसाएवढीही फट नाही. बोल्स्टर म्हणजे मुठीच्या टोकाची धातूची टोपी. मी हरखून गेले. हॉटेलवर येऊन मोबाइलच्या टॉर्चखाली धरला, तर शिंगाचे तंतू कुठेच दिसेनात. मुठीच्या कडेने साच्याची बारीक रेघ गेलेली आणि दोन्ही बाजूंचे तपकिरी डाग हुबेहूब एकसारखे. कुठल्याही जनावराच्या शिंगावर असे डाग येत नाहीत. पात्याच्या बुडाशी बनवणाऱ्याचा शिक्का नव्हता, तेही तेव्हाच लक्षात आलं. सकाळी परत गेले तर त्याने बिलावरची ओळ दाखवली: माल परत घेतला जाणार नाही. पंधरा युरोची वस्तू होती ती. म्हणून दुकानातच आधी शिक्का बघा, मग दोन्ही बाजूंचं शिंग उजेडात धरून ताडून बघा. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या तर खाली ठेवून बाहेर पडा.

दुसरी फसगत माझ्या अर्धवट माहितीची. मानियागोत गेलं की कारखान्याच्या दरात खटक्याचा चाकू घेता येतो, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. येत नाही. इटलीच्या कायद्यात हा चाकू साधा चाकू नव्हे, शस्त्र धरतात. विकत घ्यायला पोलिसांचा परवाना लागतो आणि खिशात घालून फिरायला मनाई आहे. दुकानदाराने काचेखालचे चाकू दाखवले, हातात दिले, पण परवान्याशिवाय विकणार नाही हे आधीच स्पष्ट सांगितलं. समजा कुणी दिला, तरी अमेरिकेत नेता येणार नाही, कारण १९५८ च्या केंद्रीय कायद्याने त्याच्या आयातीवर बंदी आहे. टेक्सासात तो बाळगायला २०१३ पासून मनाई नाही, म्हणून अनेकांना वाटतं की बॅगेत टाकला की झालं. राज्याची सूट कस्टमच्या टेबलावर चालत नाही. लंडनमार्गे परतणार असाल तर आणखी जपा. इंग्लंडमध्ये जुलै २०२१ पासून असा चाकू नुसता घरात ठेवणंही गुन्हा आहे. भारतात नेण्याचा विचार मनातही आणू नका. मानियागोला बघायला जा आणि विचारायला जा, खरेदीला नको.

जायचं कसं? व्हेनिसहून उदिनेकडे जाणाऱ्या रिजनल गाडीने साचिले स्टेशनवर उतरायचं, तिथून मानियागोची छोटी गाडी. हा फाटा २०१२ पासून बंद होता आणि २०१७ च्या डिसेंबरात मानियागोपर्यंत पुन्हा सुरू झाला. माझ्याजवळची माहिती त्याआधीची निघाली, म्हणून आम्ही पोर्देनोनेला उतरलो, बस चुकली आणि साधारण २५ किलोमीटरसाठी टॅक्सीला ७० युरो दिले. वर तो सोमवार होता. इटलीत बरीच दुकानं सोमवारी सकाळी उघडत नाहीत आणि रोज दुपारी दोन-तीन तास बंद असतात. बॅगा ओढत, भर उन्हात, बंद शटरांच्या गावात आम्ही अडीच तास बसून होतो. मंगळवारी या, सकाळी या.

गावात पाहण्यासारखं ठिकाण म्हणजे चाकूंचं संग्रहालय, जुन्या कोरिकामा कारखान्याच्या इमारतीतलं. १४५३ मध्ये इथल्या काउंट निकोलोने कोल्वेरा ओढ्याचं पाणी वळवून आणायची परवानगी व्हेनिसकडून मिळवली आणि त्या पाण्यावर लोहारांचे घण चालायला लागले. १९०७ मध्ये आल्बर्ट मार्क्स या जर्मनाने पहिला मोठा कारखाना काढला. दीड तास पुरतो.

मी ज्यासाठी गेले होते ते एका छोट्या वर्कशॉपमध्ये सापडलं. सत्तरीचे एक आजोबा आणि इंग्रजी बोलणारी त्यांची सून. मी फोनवर माझ्या चाकूचे फोटो दाखवले, ०.३ आणि ०.९ कागदावर लिहून दिलं. आजोबांनी आकडे वाचले, काही बोलले नाहीत. बाकावरचा एक अर्धवट जुळलेला चाकू उचलला, पातं उघडून माझ्या हातात दिलं आणि डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगितलं. किंचित हलत होतं. मग तो ऐरणीवर ठेवून त्यांनी पातं ज्यावर फिरतं त्या रिव्हेटच्या डोक्यावर हातोडीने दोन हलके ठोके मारले. आता पातं तसूभरही हलेना. माझा चेहरा खुलला. त्यांनी तो मिटून मला बटण दाबायला लावलं. पातं तीन चतुर्थांश आलं आणि तिथेच अडकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

सुनेने समजावलं. आत ट्रकच्या पाट्यासारखी एक चपटी स्प्रिंग असते. मिटलेल्या पात्याच्या बुडातल्या भोकात बटणाची खीळ बसलेली असते. बटण दाबलं की खीळ वर येते, पाटा पात्याला लाथ मारतो आणि पातं उघडून पाठीवरच्या पट्टीत अडकतं, तेच त्याचं कुलूप. पाट्याची ताकद फार नसते. रिव्हेट कसला तर पातं डगमगत नाही, पण पोचतही नाही. सैल ठेवला तर झपकन उघडतं, पण थोडं हलतं. "ह्यांना तीस वर्षांत दोन्ही एकत्र देता आलेलं नाही," सून म्हणाली. आजोबांनी रिव्हेट परत जरासा सैल केला, कानाजवळ धरून बटण दाबलं आणि आवाज ऐकून मान हलवली. गेज त्यांच्या बाकावर कुठेच नव्हता.

टोक मध्यावर का नसतं, तेही कळलं. इतक्या अरुंद, लांब पात्याला पाणी दिलं, म्हणजे तापवून एकदम थंड केलं, की ते वाकतं. ते हातोडीने सरळ करतात आणि दोन्ही बाजू हातानेच घासतात. मुळाशी जेमतेम जाणवणारा फरक टोकाशी अर्धा मिलिमीटर होतो.

आता माझं स्पष्ट मत. मिटल्यावर टोक एका बाजूला असेल पण पत्र्याला घासत नसेल, तर चाकू ठेवा. उघडल्यावर बाजूला किंचित हलत असेल, तरी ठेवा. मुठीच्या दोन बाजूंचा रंग वेगळा, घासल्याच्या रेघा तिरक्या, बटण केसभर बाजूला, हे सगळं चालतं. शिंग आणि बोल्स्टर यांच्यामधली बारीक फट तर कालांतराने येतेच. आमच्याकडे एसी आणि हीटरच्या कोरड्या हवेत शिंग आक्रसतं. वर्षातून दोनदा मिनरल ऑइलचा हात फिरवा आणि चाकू खिडकीत ठेवू नका.

पण काही गोष्टींना हातकाम म्हणून माफी नाही. उघडलेलं पातं वर-खाली हललं, तर परत करा. बाजूचं हलणं रिव्हेटचं असतं, वर-खालचं हलणं कुलपाचं, आणि ते कुलूप एक दिवस तुमच्या बोटांवर मिटेल. सेफ्टी लावूनही बटण दबत असेल, मिटल्यावर टोक पत्र्याच्या वर डोकावत असेल, धार आतल्या पाट्यावर आपटून बोथट होत असेल किंवा शिंगाची चीर रिव्हेटमधून गेली असेल, तरी परत करा. विकणारा म्हणेल की हाताने बनवलं म्हणजे असं होणारच. ऐकू नका. आजोबांनी त्यांच्या भंगाराच्या डब्यात टाकलेले तीन चाकू मला दाखवले, तिन्ही कुलपापायी गेलेले, आणि दिसायला तिन्ही देखणे.

पुढचे दोन दिवस बारचिसचं तळं आणि पोफाब्रो गाव पाहिलं. सुंदर आहेत, रस्ता सोपा आहे.

घरी आल्यावर विमानाचा शीण असतानाच सातही चाकू टेबलावर मांडले. अकरा इंची काढला, बटण दाबलं. खट्ट. वर-खाली हलवून पाहिला, दगडासारखा घट्ट. बाजूला जेमतेम हलतो, टोक अजून डावीकडेच आहे. मग ज्याचं पातं अगदी मध्यावर आहे, जो मी पाहुण्यांना आधी दाखवायचे, तो नऊ इंची घेतला. उघडून पात्याची पाठ अंगठ्याने दाबली. पातं वर-खाली हललं, आणि टक् असा आवाज आला.

तक्रारीची मेल मी पाठवली. फक्त चाकूचं नाव आणि कारण बदललं.