शुक्रवारी दुपारी, ब्रुनेईत

ब्रुनेईच्या राजधानीत, बंदर सेरी बेगावानच्या विमानतळाबाहेर आलो, तर अंगावर कुणीच धावून आलं नाही. टॅक्सी हवी का, हॉटेल हवं का, पैसे बदलायचेत का, असलं काही नाही. बँकॉक आणि बाली फिरून आलेल्या माणसाला ही शांतता आधी सुखाची वाटते. मग काळजी वाटू लागते, कारण टॅक्सी खरंच हवी असते. ब्रुनेईत टॅक्स्या मोजक्याच, आणि शहर बसवर भरवसा ठेवणं कठीण. जो तो स्वतःच्या गाडीतून फिरतो. पेट्रोल सरकारी अनुदानामुळे लिटरला अर्ध्या ब्रुनेई डॉलरच्या आसपास मिळत असेल, तर बसची वाट कोण बघत बसेल?

देश एवढासा आहे. बोर्निओ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ५,७६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या साधारण दीडपट, आणि माणसं साडेचार लाखांच्या आसपास. १९२९ मध्ये सेरियाला तेल लागलं आणि सगळं बदललं. पुढे नैसर्गिक वायूही आला. पगारावर आयकर नाही. नागरिकांना शिक्षण आणि औषधोपचार सरकारकडून. सुलतान हसनल बोलकिया १९६७ पासून गादीवर आहेत. ब्रिटिशांचं संरक्षण संपून १ जानेवारी १९८४ ला देश पूर्ण स्वतंत्र झाला, तेव्हापासून पंतप्रधानही तेच. त्यांच्या राजवाड्यात १,७८८ खोल्या आहेत. तो एरवी नदीतून लांबूनच दिसतो. रमजान ईदनंतर मात्र काही दिवस सर्वांसाठी उघडतात, जेवायला वाढतात आणि राजघराण्यातली माणसं आलेल्यांना भेटतात. आम्ही त्या दिवसांत गेलो नव्हतो.

या सगळ्या आकड्यांचा प्रवाशाच्या दृष्टीनं अर्थ एकच. तुमच्या खिशावर इथं जवळजवळ कुणाचंच पोट नाही. नदीकाठचे बोटवाले तेवढे हात करून बोलावतात. बाकी कुणाला तुम्हाला काही विकायचं नसतं. हे किती वेगळं आहे, ते मला शुक्रवारी दुपारी कळलं.

मी आणि माझ्या वन्सं, दोघीच गेलो होतो. इथं सरकारी सुट्टी शुक्रवारी आणि रविवारी असते, शनिवारी कचेऱ्या चालू. शुक्रवारी बारा ते दोन नमाजासाठी दुकानं, हॉटेलं, मॉल, सगळं बंद. हे ठाऊक होतं म्हणून सकाळीच रॉयल रेगालिया संग्रहालय बघून घेतलं (सुलतानांच्या मिरवणुकीचा रथ पाहण्यासारखा आहे) आणि साडेअकराला गदोंगच्या, म्हणजे शहरातल्या बाजारपेठेच्या भागाच्या बससाठी थांब्यावर उभ्या राहिलो. बस आली नाही. पावणेबारा झाले, बारा झाले. समोरच्या दुकानांची शटर एकेक करून खाली आली. मोबाइलवर गाडी मागवावी तर एकही दिसेना. चालकही नमाजाला गेलेले. ऊन असं की थांब्याच्या पत्र्याखाली भाजून निघावं. इतक्या श्रीमंत देशानं बसचं वेळापत्रक पाळू नये याचा मला मनापासून राग आला, तो अजून गेलेला नाही. ज्यांना गाडी परवडत नाही, ती परदेशी मजूर माणसं याच थांब्यांवर रोज उभी असतात. आमचं एक दिवसाचं होतं, त्यांचं रोजचं.

तेवढ्यात एक पांढरी गाडी पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, शेजारी त्यांची कॉलेजातली मुलगी. कुठं जायचंय, असं इंग्रजीत विचारलं. आम्ही गदोंग म्हणालो. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "जेवलात का?" नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग गदोंगला आत्ता काय मिळणार? दोननंतर सोडते. आधी घरी चला, आई वाट बघत असेल."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मुंबईत आम्ही दोघी अशा गाडीत कधीच बसलो नसतो. इथं बसलो.

त्यांचं घर कांपोंग आयेरमध्ये, म्हणजे नदीवरच्या गावात निघालं. गाडी काठावर लावायची आणि पुढे पायी. पलीकडच्या तीराकडे जायला बोट लागते, पण त्यांचा भाग लाकडी पुलांनी काठाला जोडलेला आहे. दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी वाट, मध्येच एखादी फळी सैल, कठड्याला कुंड्या, कुंड्यांच्या सावलीत मांजरं. खाली ओहोटीचा चिखल आणि त्यात प्लास्टिकच्या बाटल्या. ते बघून वाईट वाटलं आणि मी तसं बोललेही. बाई म्हणाल्या, कितीही काढला तरी भरतीबरोबर कचरा परत येतो.

या गावाला शाळा, मशिदी, अग्निशमन केंद्र, सगळं पाण्यावर आहे. मॅगेलन मारला गेल्यावर त्याच्या ताफ्यातली उरलेली जहाजं १५२१ मध्ये इथं आली होती. त्यांतल्या पिगाफेट्टा नावाच्या इटालियन माणसानं खाऱ्या पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या या शहराचं वर्णन लिहून ठेवलंय, आणि त्या पाहुण्यांना हत्तींवर बसवून राजाच्या भेटीला नेल्याचंही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश रेसिडेंट आले आणि वस्ती हळूहळू जमिनीवर सरकली. बाईंच्या भावानंही जमिनीवर घर घेतलंय. त्यांची आई मात्र जायला तयार नाही. तिथं वारा नाही आणि शेजारी फाटकांच्या आड राहतात, असं तिचं म्हणणं.

बाहेरून साधं लाकडी घर. आत गुबगुबीत सोफे, एसी, मोठा टीव्ही, भिंतीवर सुलतान आणि राणीची तसबीर. पुरुष मंडळी मशिदीत गेलेली. आजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला, मग आपला हात छातीला लावला आणि अंगठा पुढे करून बसायची जागा दाखवली. इथं बोट रोखून काही दाखवणं उद्धटपणाचं समजतात.

जेवायला अंबुयात होतं. साबू माडाच्या खोडातलं पीठ, त्यावर उकळतं पाणी ओतून घोटत राहायचं. पतंगाच्या मांज्यासाठी आपण खळ करतो, अगदी तसं दिसतं. त्याला स्वतःची चव म्हणाल तर नाहीच. बांबूच्या दोन काड्या वरच्या टोकाला जोडलेल्या असतात, त्यांना चंदास म्हणतात. त्यावर ते गुंडाळायचं, आंबट-तिखट चटणीत बुडवायचं आणि न चावता गिळायचं. सोबत तळलेली मासळी, पालेभाजी, कच्च्या भाज्या. चटणी रानआंब्याच्या जातीच्या बिनजाई फळाची, आणि तिच्यात बेलाचन, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा.

इथं अडलं. मी मासे खाते, वन्सं खात नाहीत. त्यांनी हळूच मला मराठीत सांगितलं की नुसतं पांढरं खाईन, तू काही बोलू नकोस. पण आजींच्या ते लक्षात आलं. नातीला काहीतरी विचारलं, नातीनं आम्हाला विचारलं, आणि मला सांगावंच लागलं. आजी उठल्या. सगळ्यांचं जेवण थांबलं. नातीनं खलबत्ता धुऊन घेतला, हो, धुऊन, आधीच्या चटणीचा वास राहू नये म्हणून. आजींनी मिरच्या, लसूण आणि बिनजाई नव्यानं कुटलं, चव बघितली, पुन्हा मीठ घातलं. पालेभाजीतही बेलाचन होतं, म्हणून थोडी भाजी वेगळी, नुसत्या लसणावर परतली. या सगळ्याला वीसेक मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ ताटावर बसलेल्या कुणी घास उचलला नाही. मग आजींनी स्वतःच्या हातानं चंदासवर अंबुयात गुंडाळलं, नव्या चटणीत बुडवलं आणि वन्संच्या तोंडापुढे धरलं.

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या सासरी-माहेरी आता त्यांच्याहून मोठं कुणी उरलेलं नाही. त्यांना कुणी भरवून किती वर्षं झाली असतील! आजींना वाटलं मिरची जास्त झाली, म्हणून त्यांनी घाईनं पाणी पुढे केलं.

भरपूर पैसे मोजून घेतलेली हॉटेलातली बडदास्त मी पाहिली आहे. आम्ही त्या घराला काहीही देणार नव्हतो आणि त्यांना काही नकोही होतं. दोननंतर बाईंनी ठरल्याप्रमाणे गदोंगला सोडलं. पैशाचा विषय काढायचा मला धीर झाला नाही, आणि तो काढला नाही हेच बरं.

याच देशातली दुसरी बाजूही मनात आहे. १९६२ च्या बंडानंतर लागू झालेली आणीबाणी अजून उठलेली नाही. २०१९ मध्ये शरियतची कठोर दंडसंहिता पूर्णपणे लागू झाली. तिच्यात समलिंगी संबंधांसाठी दगडांनी ठेचून मारण्याचीही तरतूद आहे. जगभर निषेध झाल्यावर सुलतानांनी मृत्युदंडावरची स्थगिती कायम ठेवली, पण कायदा कागदावर आहेच. मला तो अमानुष वाटतो. त्या ताटावर मी हा विषय काढला नाही. इथं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बाकीचे दिवस छान गेले. तेंबुरोंग हा ब्रुनेईचाच, पण मध्ये मलेशिया आल्यानं तुटलेला जिल्हा. तिथं जायला २०२० पासून समुद्रावरून सुमारे तीस किलोमीटरचा पूल आहे. त्याआधी बोट तरी धरावी लागे, नाहीतर पासपोर्टवर शिक्के घेत मलेशियाच्या लिंबांगमधून जावं लागे. तेंबुरोंगच्या जंगलात पहाटे झाडांच्या शेंड्यांवरून चालणं चुकवू नका. ओमर अली सैफुद्दीन मशीद (१९५८ ची) आणि २९ सोनेरी घुमटांची जामे अस्र, दोन्ही सुंदर. देशात दारूविक्री नाही. रात्री दहाला आम्ही दोघी नदीकाठानं बिनघोर फिरत होतो, ते मला फार आवडलं. सिंगापूरच्या नोटा इथं बरोबरीच्या भावानं चालतात, म्हणून तिथून जोडून जाणं सोयीचं.

"ब्रुनेईला दोन दिवस बास, बघायला काही नाही" असं प्रवासी मंडळी ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. उलट मी म्हणेन, शुक्रवार धरूनच जा. मशिदी त्या दिवशी बाहेरच्यांना बंद असतात, पोटाचे हाल होतात, बसचं तर सांगितलंच. तरी जा. आणि कुणी अंबुयात पुढे केलं तर चावत बसू नका. आजींनी आम्हाला ते तीनदा बजावलं होतं.