हापसी बंद नाही पानी

आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा पुन्हा शुद्धलेखनाचा तोच वाद निघाला, म्हणून हे लिहायला बसलो. वादाची सुरुवात २०२३च्या जुलैमधली. एका शेतकऱ्याने ग्रुपवर एक ओळ टाकली होती: ‘पिक सोयाबिन शेतात पानी शिरले तीन दिवस झाले कळवले नाही कोनी आले काय करु’. खाली पहिलं उत्तर आलं, ‘आधी मराठी लिहायला शिका, मग विमा मागा.’ दुसऱ्याने ‘पिक’भोवती लाल गोल काढून फोटो टाकला आणि शेजारी ‘पीक’ लिहिलं. मग हसणारे चेहरे. संध्याकाळपर्यंत ग्रुप चालवणाऱ्या पोराने नियमच काढला, की यापुढे शुद्ध मराठीत लिहिलं नाही तर मेसेज काढून टाकण्यात येईल. आणि मला खाजगीत विचारलं, ‘काका, तपासायचं काम तुम्ही घ्याल का? तुम्ही पेपरात होता ना.’

पेपरात होतो. वऱ्हाडातल्या एका दैनिकात सत्तावीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढली. ओल्या शाईच्या गॅली प्रूफने बोटं काळी व्हायची तेव्हापासून ते संगणकावरच्या डीटीपीपर्यंत. मराठी साहित्य महामंडळाचे नियम, १९६२चे चौदा आणि १९७२ साली त्यांत घातलेले चार, टेबलाच्या काचेखाली असायचे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, हे मी किती नव्या पोरांना शिकवलं त्याची गणती नाही. शुद्धलेखनावर माझं प्रेम आहे. छापलेल्या पानावर ते असलंच पाहिजे, या मतावर मी आजही ठाम आहे.

तरी त्या पोराला मी नाही म्हटलं. त्याचं कारण १९९२च्या उन्हाळ्यातलं एक पोस्टकार्ड.

आमच्याकडे वाचकांच्या पत्रांचं सदर होतं. फार चुका असलेली पत्रं टोपलीत टाकायची, असा अलिखित नियम होता. पंधरा पैशांची ती पिवळट कार्डं दोऱ्याने बांधून माझ्याकडे यायची आणि त्यातली कुठली जगवायची ते बरंचसं माझ्या हातात असायचं. एक कार्ड होतं खारपाणपट्ट्यातल्या एका गावचं. ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं पण घशाखाली उतरत नाही.

निळ्या बॉलपेनने, अक्षर दाबून दाबून, पत्त्याच्या रेघेपर्यंत लिहिलेलं कार्ड होतं. एकही पूर्णविराम नव्हता. मधली ओळ मला अजून पाठ आहे: ‘वस्तीतली हापसी बंद नाही पानी प्यायले खारं लागते म्हनुन बाया दोन मैल विहीरीवर जातात’.

मी पेन घेतलं. ‘हापसी’ची ‘हापशी’ केली, ‘पानी’चं ‘पाणी’, ‘म्हनुन’चं ‘म्हणून’, ‘विहीरीवर’चं ‘विहिरीवर’. अख्ख्या कार्डात अकरा दुरुस्त्या केल्या. मजकूर सहा ओळींत बसवायचा होता. ‘खारं लागते’ हे मला मध्येच लोंबकळल्यासारखं वाटलं, ते काढलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं: ‘वस्तीतील हापशी बंद असून प्यायला पाणी नाही. महिलांना दोन मैल लांबच्या विहिरीवर जावे लागते.’ ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडली नसती.

तीन आठवड्यांनी एक बाई एसटीने आल्या. पिशवीत आमच्या पेपरचं कात्रण आणि काचेची एक बाटली. मला म्हणाल्या, ‘भाऊ, म्या हापसी बंद नाही असं लिवलं होतं. तुमी बंद करून टाकली.’ बातमी वाचून तालुक्याहून मेकॅनिक आला होता. त्याने दांडा हापसला, पाणी आलं, त्याने वहीत ‘चालू’ लिहिलं आणि तो गेला. तक्रार खोटी ठरली. आता खाऱ्या पाण्याबद्दल बोलायला गेलं तर ग्रामपंचायतीत सगळे म्हणत, तुमची हापसी तर बंद होती ना?

त्यांनी बाटलीतलं पाणी टेबलावरच्या ग्लासात ओतलं. मी एक घोट घेतला. मी त्याच भागात वाढलेला माणूस, ती चव मला सांगायची गरज नव्हती. ‘खारं’ हा शब्द दिसल्यावर माझा हात थांबायला हवा होता. पण मी ‘न’चा ‘ण’ करण्यात गुंतलो होतो.

त्या दिवसानंतर मी या गोष्टीकडे फार बारकाईने पाहायला लागलो. मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो. ‘बंद नाही’, ‘आलं नाही’, ‘दिलं नाही’. म्हणजे ‘नाही’ हा शब्द नेमका अशा जागी उभा असतो, जिथं एक वाक्य संपून दुसरं सुरू होतं. पूर्णविराम नसला की तो अलीकडच्या वाक्याचा की पलीकडच्या, हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. त्यात बोलताना आपण ‘नाही पाणी आमच्याकडे’ असं उलटंही म्हणतो. बाईंच्या ‘पानी’ने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. घात झाला तो एका न दिलेल्या टिंबाने आणि मी न विचारलेल्या प्रश्नाने.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही, वेलांटी एकच आणि उकारही एकच. दोन शब्दांत जागाही सोडत नसत. आज आपण ज्यावरून माणसाला गप्प करतो, ते सगळं नसताना राज्याचा कारभार चालला. पण त्या पत्रांना मायना असायचा. कोणी कोणाला लिहिलं ते ठरलेल्या जागी, आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. मजकूर कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते वाचणाऱ्याला कळायचं. पूर्णविराम-स्वल्पविराम मराठीत रुळले ते एकोणिसाव्या शतकात, इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने.

आणि नियम तरी कुठं कायमचे आहेत? माझ्या आजोबांच्या पत्रांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘पांच’ असं असायचं. ते ‘कवि’ आणि ‘गुरु’ ऱ्हस्व लिहीत आणि तेच तेव्हा बरोबर होतं. १९६२ नंतर तीच पत्रं अशुद्ध झाली. आजोबा तेच होते, अक्षर तेच होतं.

भाषेवरून तोंड बंद करायची रीत मात्र जुनी आहे. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली आली. पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि तिच्यात फुल्यांच्या विचारांबरोबर त्यांच्या मराठीचीही, व्याकरणाचीही टिंगल झाली. फुले थांबले नाहीत, १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. पण ते फुले होते. खारपाणपट्ट्यातल्या त्या बाईंना मी पहिल्याच कार्डावर ‘आधी मराठी शिका’ असं कळवलं असतं, तर बाटली घेऊन एसटीत बसायची हिंमत त्यांनी केली नसती.

म्हणून ग्रुपवाल्या पोराला मी सांगितलं, नियम हवाच असेल तर असा कर. कुणी लिहिलं, कुठलं गाव, कोणती तारीख, हे आलंच पाहिजे. एक गोष्ट सांगून झाली की टिंब दे किंवा खालच्या ओळीवर जा. एवढं नसेल तर मेसेज काढू नको, त्या माणसाला विचार. यात मी सवलत देणार नाही, कारण शंभर माणसं वाचणार असतील तर त्यांचा वेळ आणि लिहिणाऱ्याचं काम दोन्ही त्यावर अवलंबून आहे. आणि ‘न’, ‘ण’, वेलांटी, उकार यावरून चारचौघांत कुणाला बोलायचं नाही. सांगायचंच असेल तर खाजगीत, तेही काम झाल्यावर. तो म्हणाला, ‘पण काका, मग मराठीचं काय होणार?’ त्याची कळकळ खरी होती. मी म्हटलं, जो लिहितोय त्याच्या हातात मराठी आहे, त्याला आधी लिहू दे.

आता तर मोबाइलमध्ये बोलून टाइप करता येतं. यंत्र ‘पीक’ अगदी बरोबर लिहितं, ‘पाणी’ही बरोबर, आणि अनेकदा दहा ओळींत एक पूर्णविराम देत नाही. अशा मेसेजला ग्रुपवर कुणी हसत नाही. मला तो त्या पोस्टकार्डापेक्षा जास्त भीतीदायक वाटतो, कारण तो बघायला नीटनेटका असतो.

त्या शेतकऱ्याचं सांगायचं राहिलं. पीक विम्यात शेतात पाणी शिरल्याचं ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं. त्याची ओळ पुन्हा वाचा. तीन दिवस झाले, कळवले नाही? की तीन दिवस झाले कळवले, नाही कोणी आले? एका अर्थाने मुदत संपलेली, दुसऱ्या अर्थाने सगळं वेळेत झालेलं. ग्रुपवर त्या दिवशी तेहतीस जणांनी उत्तरं दिली. ‘पिक’ सगळ्यांना दिसलं. कळवलंस का, हे एकानेही विचारलं नव्हतं.

मी रात्री त्याला वेगळा मेसेज केला. ‘दादा, पाणी कोणत्या वारी शिरलं? विमा कंपनीला कळवलं का? एकेक गोष्ट वेगळ्या ओळीत लिहा.’ अर्ध्या तासाने उत्तर आलं:

‘बुधवारी पानी शिरले.
बुधवारीच राती कळवले. नंबर आला फोन वर.
अजुन कोनी आले नाही.’

मी त्यातलं एक अक्षर बदललं नाही. कळवल्याचा तो नंबर तेवढा खाली लिहायला सांगितला आणि म्हटलं, हे असंच्या असं ग्रुपवर टाका.