‘पिंच’चा चिमटा आणि वाया गेलेले पंधरा दिवस

2019 मध्ये बोलोन्यात शिकत असताना प्रबंधासाठी मी ‘यू-मार्स’ ही इंग्रजी प्रश्नावली इटालियनमध्ये आणायला घेतली. आरोग्याच्या ॲप्सना गुण देण्याची ‘मार्स’ ही 23 प्रश्नांची प्रश्नावली ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने 2015 मध्ये प्रसिद्ध केली. ती तज्ज्ञांसाठी, आणि 2016 मध्ये ती इटालियनमध्ये आलीही होती. यू-मार्स मात्र रोज ॲप वापरणाऱ्या साध्या माणसांसाठी. 20 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण.

दोन इटालियन मैत्रिणींनी स्वतंत्रपणे भाषांतर केलं, मग आम्ही तिघी एकेक शब्द ताडत बसलो. पहिला वाद ‘तू’ म्हणायचं की आदरार्थी ‘लेई’, यावर. तिथली बरीच ॲप्स सर्रास ‘तू’ म्हणतात. पण सत्तरीच्या अनोळखी बाईंना कागदावर अरेतुरे करायला माझं मन घेईना. ‘लेई’ ठरलं. मूळ प्रश्नावली कधीच न पाहिलेल्या तिसऱ्या मैत्रिणीने आमचा मसुदा परत इंग्रजीत नेला. तो मुळाशी इतका जुळला की मी त्याच दिवशी घरी फोन करून काम संपत आल्याचं सांगितलं.

मग मसुदा थोड्या लोकांना वाचायला दिला. वाचायचं आणि काय समजलं ते मोठ्याने सांगायचं. एक निवृत्त शिक्षिका रक्तदाबाचं ॲप वापरायच्या. स्क्रीनवर बोटं फिरवण्याच्या प्रश्नापाशी त्या थांबल्या. ‘पिंच’साठी आम्ही ‘पित्सिकारे’ लिहिलं होतं, म्हणजे चिमटा काढणं. त्यांनी चष्मा वर केला आणि मनापासून विचारलं, “चिमटा कोणाला काढायचा?”

उलट भाषांतरात हे दिसणारच नव्हतं. शब्दाला शब्द ठेवला की तो परतही तसाच येतो. चूक जाताना आणि येताना एकाच दारातून निसटते. आम्ही ‘दोन बोटं जवळ किंवा लांब नेऊन चित्र लहान-मोठं करणं’ असं सरळ लिहिलं. ‘ॲप मजेशीर आहे का?’ या प्रश्नावरही त्या अडल्या. रक्तदाब मोजण्यात मजा कसली, हा त्यांचा सवाल रास्तच होता. पण तो प्रश्न मुळातलाच, त्याला हात लावता येत नव्हता.

प्रश्नावली किती भरवशाची हे पाहायला ‘क्रोनबाखचा अल्फा’ नावाचा आकडा काढतात, तो संगणकाने क्षणात दिला. पण प्रश्नावलीच्या एका भागातले प्रश्न एकमेकांना धरून आहेत का, एवढंच तो सांगतो. तोच माणूस पंधरा दिवसांनी तेच गुण देतो का, हे वेगळं पाहावं लागतं. तिथे सहसंबंधांक, म्हणजे दोन्ही वेळचे गुण किती जुळतात ते सांगणारा आकडा, किमान 0.70 हवा, असं साधारण मानतात.

आणि तिथेच घात झाला. दोन फेऱ्यांच्या मध्ये ॲपचा अपडेट आला. आलेखाचे रंग बदलले, मेनू दुसरीकडे गेला आणि दिसण्याचे गुण घसरले. आता डळमळली ती प्रश्नावली की बदललं ते ॲप? सांगायला काहीच मार्ग नव्हता. गुण दोनदा सारखे यायचे तर मोजायची वस्तूही दोन्ही वेळा तीच हवी, हे मी आधीच ओळखायला हवं होतं. फार वाईट वाटलं, कारण लोकांनी मला फुकट वेळ दिला होता.

दोन्ही फेऱ्या बाजूला ठेवल्या. प्रत्येकाकडे जाऊन फोनमधले आपोआप होणारे अपडेट बंद केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शिक्षिकाबाईंनी या खेपेला कॉफीही पाजली. ‘या ॲपसाठी पैसे द्याल का?’ याला त्यांनी 1 गुण दिला. पंधरा दिवसांनी गेले, तर तिथे पुन्हा 1.