ससून डॉकवरची पोटुशी मुशी

मुंबईत तीन दिवस होते, त्यातले दोन गिरगावात आत्याकडे जेवण्यात आणि दादरच्या खरेदीत गेले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते शनिवारच्या पहाटेबद्दल.

गेली तीन वर्षं मी मुशींच्या, म्हणजे शार्कच्या, मायटोकॉन्ड्रियल जीनोमवर (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतंत्र डीएनएवर) काम करतेय, म्हणजे दिवसभर स्क्रीनवर डीएनएची चार अक्षरं, ए, टी, जी, सी. नमुना येतो तो अल्कोहोलच्या नळीत, नखाएवढा मांसाचा तुकडा. अख्खी ताजी मुशी मी कधी हातात घेतलीच नव्हती आणि हे मला बरेच दिवस खात होतं. म्हणून पाचच्या आधी टॅक्सी करून कुलाब्याला, ससून डॉकवर.

१८७५ सालचा हा डॉक. पायाखाली बर्फाचं पाणी, डोक्यावर पाट्या घेऊन "बाजू, बाजू" करत पळणाऱ्या बायका, आणि बरोब्बर त्यांच्या वाटेत कॅमेरेवाल्यांचा घोळका. भरलेली पाटी घेऊन एका बाईला त्यांना वळसा घालावा लागला, मला फार राग आला. फोटो काढा हो, पण लोक कामावर आहेत, कडेला उभं राहून काढा ना.

एका मावशींसमोर मुश्यांचा ढीग होता, सगळ्या हातभर लांबीच्या, नाक गवंड्याच्या थापीसारखं चपटं. शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस! मालवणकडे हिलाच मोरी म्हणतात. मी डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर.

"काय गो, नुसती बघतेस? घ्यायची नाय का?"

मी म्हटलं, मावशी, एक साफ करताना बघू दे. त्यांनी कोयत्यावर पोट उघडलं आणि आतून पिल्लं बाहेर आली. सात. गुलाबीसर, बोटभर, प्रत्येकाला नाळ, आणि नाळेवर केसांसारखे बारीक तंतू. "पोटुशी होती," मावशी हळूच म्हणाल्या आणि पिल्लं बाजूला ठेवली.

हे सगळं मी वाचलेलं होतं. या मुशीचं अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, शार्कमधलं सगळ्यात लहान, त्यात पिवळं बलक जवळपास नाहीच, म्हणून पिल्लू वारेतून आईवरच वाढतं. पण वाचणं वेगळं. ज्या जीनोमवर मी काम करते तो साधारण १६,७०० अक्षरांचा, ३७ जनुकांचा, आणि तो फक्त आईकडून येतो. ती सातही पिल्लं तोच घेऊन आली होती. हीच ३७ जनुकं माझ्यात आहेत, मावशींमध्येही आहेत, आणि त्यांचा क्रमसुद्धा तोच. मी तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आईचंच? आमच्यात ही पाटी सासूकडून येते बाय."

शेजारी पाकट पडलं होतं, तो पसरट, लांब शेपटीचा मासा. सांगाड्याच्या आणि शरीराच्या रचनेवरून बरीच वर्षं असं मानलं जायचं की पाकटं म्हणजे मुशींच्याच एका शाखेतून चपटी झालेली मंडळी. डीएनए तसं सांगत नाही, सगळ्या शार्क एका बाजूला आणि पाकटं त्यांची सख्खी बहीण, फार जुनी वेगळी झालेली. मुशींचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए सस्तन प्राण्यांपेक्षा सात-आठ पट सावकाश बदलतो, हे १९९२ सालीच दाखवलं गेलं, त्यामुळे इतक्या जुन्या खुणाही वाचता येतात.

आणि याच डॉकवर २०१६ च्या फेब्रुवारीत गंगेची मुशी, ग्लायफिस गँगेटिकस, सापडली होती, अडीच मीटरहून मोठी मादी. त्याआधीच्या वर्षी म्युझियममधल्या जुन्या जबड्यांतून वगैरे डीएनए काढून कळलं होतं की तीन वेगळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नदीतल्या मुशी खरं तर एकच जात आहेत. म्हणजे एवढी दुर्मिळ गोष्ट या ओल्या फरशीवर लिलावाला आली आणि कोणीतरी ओळखली! ओळखली नसती तर? हा विचार आला की मला अजून कसंतरी होतं.

मुशी घ्यायचा धीर झाला नाही. मावशींकडून मांदेली घेतली, आत्याने रवा लावून तळली.

सोमवारी लॅबमध्ये फाईल उघडली. नमुना चौदा, मादी, ससून डॉक. पुढे शेऱ्याचा रकाना असतो, तीन वर्षांत मी तो एकदाही भरला नव्हता. त्या दिवशी नमुने गोळा करणाऱ्या मुलाला फोन करून विचारलं, ही पोटुशी होती का रे?