दगडात कोरलेलं रिझर्व्हेशन

आज दक्षिण फ्रान्समधल्या ऑरांजच्या रोमन थिएटरात तीन तास काढले. पोटऱ्या अजून ठणकतायत.

समोरची भिंत बघून आधी दडपायलाच होतं. १०३ मीटर लांब, ३७ मीटर उंच. बाहेरून पाहिलं तर वरच्या कडेला भोकं पाडलेले दगड पुढे आलेले दिसतात. त्यांत खांब रोवून प्रेक्षकांवर कापडी छत ताणायचे. आजच्या उन्हात त्या छताची फार आठवण आली!

पण खरी रमले ती खाली, एका पायरीपाशी. दगडात दोन लॅटिन अक्षरं, ‘ईक्यू’, मग ‘जी’ आणि तीन उभ्या रेघा. म्हणजे या तीन रांगा ‘इक्विटीस’साठी, म्हणजे रोमनांच्या घोडेस्वार म्हणवणाऱ्या श्रीमंत वर्गासाठी राखीव. बोट फिरवून पाहिलं, खाचा अजून लागतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण, इथे मंडळींनी छिन्नीच चालवली. बायकांची जागा मात्र पार वरती. मग मीही मुकाट्याने वर चढले.

पुढे शतकानुशतकं लोकांनी इथेच घरं बांधून संसार थाटले होते. ती १९व्या शतकात हटवली. आता उन्हाळ्यात इथे ऑपेरा होतात. वर बसल्यावर खाली रंगमंचावर कुणीतरी शिंकलं. स्वच्छ ऐकू आलं.